थेंबाची कैफियत

१९७८ सालच्या मार्चअखेरीस, सरकारी वर्ष गुंडाळण्याची धांदल सर्वत्र चाललेली असताना, एका कचेरीच्या आवारात निर्लेखित वाहनांचा लिलाव झाला आणि त्या लिलावात, ज्याचा नीटसा उलगडा मला स्वतःलाही आजवर झालेला नाही अशा एका मोहाच्या भरात, मी पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप विकत घेतली. ‘निर्लेखन’ हा शब्द आमच्या दप्तरी भाषेत मोठा सभ्य समजला जातो. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की सरकारने त्या वस्तूवरचा आपला हात काढून घेतला, आणि यापुढे तिचे जे काही बरेवाईट होईल ते घेणाऱ्याच्या नशिबी. जीप माझ्या खात्याची नव्हती, त्यामुळे महसूल खात्यातल्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनाने बोली बोलण्यास कायद्याची हरकत नव्हती. घरच्यांची होती, पण ती लिलाव संपल्यावर नोंदवली गेली.

लिलावाला हजर असलेल्या वृद्ध चालकाने तिची कुळकथा मला ऐकवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाटण तालुक्यातल्या पडझड झालेल्या गावांतून तिने घोंगड्या आणि धान्य वाहिले होते, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर हजेरीपट तपासत फिरणाऱ्या साहेबांना तिने वर्षभर उन्हाधुळीतून हिंडवले होते. त्यातले खरे किती आणि निरोपाच्या गहिवराने वाढलेले किती, याची रुजुवात मी केली नाही, कारण तो बोलत असताना माझे लक्ष जीपच्या पोटाखाली गेले होते. तिथल्या मातीत भाकरीएवढे एक काळे वर्तुळ उमटले होते आणि मी पाहत असतानाच त्याच्या मध्यभागी एक थेंब पडला. चालकाने माझी नजर ओळखली. “जीप आहे साहेब,” तो म्हणाला, “ठिबकायची थांबली तर समजायचं की तेल संपलं.” आम्ही दोघेही हसलो. हाच विनोद पुढे मी ट्रकवाल्यांच्या, गॅरेजवाल्यांच्या आणि फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराच्या तोंडून थोड्याफार फरकाने ऐकला. आळसावर घालण्यासाठी माणसाने जी पांघरुणे विणली आहेत त्यांत हे फार उबदार आहे; मी ते चार वर्षे अंगावर घेऊन निजलो.

न्यायाने सांगायचे तर यात कसूर जीप घडवणाऱ्यांची नव्हती. विलीज वंशातली ही गाडी रानोमाळ हिंडण्यासाठी घडलेली, आणि तिचे ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरांचे, २१९९ घनसेंटिमीटरचे इंजिन म्हणजे दणकटपणाचा नमुना. त्याची रचना मात्र दुमजली. हवा आणि पेट्रोल आत घेणारे वॉल्व्ह वर हेडात, आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे वॉल्व्ह खाली ब्लॉकात; त्यामुळे माथ्यावर एक झाकण आणि कुशीला दुसरे, अशी दोन झाकणे आणि त्यांची दोन पॅकिंगे. त्याशिवाय तेल साठवणारे खालचे चेंबर, पुढचे टायमिंग कव्हर, पेट्रोल-पंपाचा जोड, तेलाच्या फिल्टरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्या, प्रेशरच्या काट्याकडे जाणारी बारीक नळी, आणि जिथून क्रँक बाहेर पडून फ्लायव्हीलला मिळतो तिथले मागचे सील. एवढ्या सांध्यांचा देह दहा-बारा वर्षे सरकारी रस्त्यांवरून, किंबहुना बहुधा रस्ते नव्हते तिथून, फिरला म्हणजे त्याचे कुठे ना कुठे पाझरणे क्रमप्राप्तच होते. माझा अपराध निराळा होता. पाझर आहे हे मी मान्य केले, पण तो कुठून आहे हे विचारण्याची तसदी घेतली नाही.

नाही म्हणायला हिशेब ठेवला. खात्याची सवय अंगात मुरलेली असल्याने एका वहीत कीर्दीप्रमाणे डाव्या बाजूला मैल आणि उजव्या बाजूला वर घातलेले तेल लिहिण्याचा परिपाठ मी पहिल्या महिन्यापासून पाळला. एका रविवारी घड्याळ घेऊन जीपशेजारी पाटावर बसून थेंबही मोजले. साधारणतः वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, आणि मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसाचे १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. अशा गतीने गळणारी गाडी पंधरवड्यात एक लिटर तेल जमिनीला पाजते. माझ्या जीपची गती सुदैवाने सर्वकाळ तशी नव्हती. गरम येऊन उभी राहिली की पहिल्या अर्ध्या तासात ती उदार होई आणि मग हात आखडता घेई. हिशेब चोख होता. परंतु तूट किती आहे हे बिनचूक लिहून ठेवणे म्हणजे तूट भरून काढणे नव्हे, ही गोष्ट, जन्मभर इतरांच्या वसुलीचे तक्ते तपासणाऱ्या मला, स्वतःच्या अंगणात उमगली नाही.

दुसऱ्या वर्षी मी एक पाऊल पुढे टाकले आणि ते चुकीचे पडले. ज्या अर्थी थेंब चेंबरच्या मागच्या कडेला लोंबतो, त्या अर्थी चेंबरचे पॅकिंग ढिले झाले आहे, असा निष्कर्ष काढून मी जीपखाली गोणपाट अंथरून शिरलो आणि गोटी पान्याने चेंबरचा एकूणएक बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला. हाताला ‘बसला’ अशी समाधानकारक जाणीव होत होती. ती बोल्ट बसल्याची नसून पत्रा वाकल्याची होती हे दुसऱ्या दिवशी कळले. चेंबरचे पॅकिंग कॉर्कचे असते. त्या बुचाला दाबाची जितकी गरज तितकेच भय; प्रमाणाबाहेर दाबले की ते दोन बोल्टांच्या मधून जिभेसारखे बाहेर येते आणि जिथे बोल्ट आहे तिथे चिरडून भुगा होते. पूर्वी एका जागी असलेली गळती आता तीन जागी झाली.

ते चेंबर पुढे कऱ्हाडच्या ज्या मिस्त्रींनी उतरवले, त्यांच्याकडे मी कोणत्या परिस्थितीत गेलो ते नंतर सांगेन. मार्केट यार्डाच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा कारखाना होता; अंगात तेलाने काळीकुळकुळीत झालेली बनियन, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना गिऱ्हाइकाकडे न पाहता गाडीकडे पाहण्याची पद्धत. त्यांनी चेंबरची कड माझ्या नजरेसमोर आडवी धरली. प्रत्येक भोकाभोवती पत्रा खाली दबून खळगा पडला होता. “हे कुणी केलं?” असे त्यांनी विचारले नाही; ते म्हणाले, “भाऊसाहेब, मनगटात बरंच बळ आहे की तुमच्या.” मग लाकडाच्या ठोकळ्यावर ती कड ठेवून, गोल तोंडाच्या हातोडीने, सोनाराच्या संयमाने, त्यांनी एकेक खळगा उलट्या बाजूने ठोकून सपाट केला. नवे पॅकिंग महिनोन्‌महिने दुकानात पडून आटले होते, भोके भोकांशी जुळेनात; मी ते परत करायला निघालो तर त्यांनी ते पाण्याच्या घमेल्यात टाकले आणि चहा सांगितला. चहा संपेपर्यंत कॉर्क फुलून बरोबर बसू लागले. बोल्ट आवळताना पान्याच्या दांड्याच्या टोकाला त्यांनी हात लावला नाही, मुठीजवळ धरून दोन बोटांनी फिरवला, आणि एका रांगेने न जाता इकडचा एक, तिकडचा एक, असे करत तीन फेऱ्यांत काम पुरे केले.

पण चेंबर ही माझ्या करणीची दुरुस्ती होती. मूळ गळतीचा तपास त्यांनी त्याआधीच चालवला होता, आणि तो ज्या पद्धतीने चालवला तिने माझ्यावर एवढा परिणाम केला की पुढे कचेरीत जमिनीच्या तंट्यांची कागदपत्रे वाचतानाही मला ती आठवत असे. मी गेलो तो निकाल हातात घेऊनच गेलो होतो. मागचे सील गेले आहे, कारण थेंब मागे पडतो. माझ्या ओळखीच्या चार चालकांनी आणि दोन गॅरेजवाल्यांनी तेच सांगितले होते, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, खर्च फार, म्हणूनच इतकी वर्षे चालढकल झाली. मिस्त्रींनी हे सगळे ऐकून घेतले आणि रॉकेलचा डबा मागवला.

तो सबंध दिवस आम्ही इंजिन धुतले. रॉकेल, ब्रश, पत्र्याची पट्टी, पुन्हा रॉकेल. कुठेकुठे चिखल आणि तेल यांची अर्धा बोट जाडीची साल निघाली, आणि तिच्याखाली कारखान्यातला मूळ रंग दिसू लागला. संध्याकाळी इंजिन कोरडे झाल्यावर ते म्हणाले, “उद्या येताना वहिनींच्या पावडरचा डबा आणा.” मला ते मस्करी करत आहेत असे वाटले. दुसऱ्या दिवशी, पत्नीच्या प्रश्नार्थक मुद्रेकडे दुर्लक्ष करून नेलेल्या त्या गुलाबाच्या वासाच्या पावडरचा फवारा त्यांनी स्वच्छ इंजिनाच्या सर्व सांध्यांवर उडवला. काळे इंजिन राखेने माखलेल्या बैराग्यासारखे पांढरे झाले. मग वीस मिनिटे ते चालू ठेवले, पेट्रोलचा आणि गुलाबाचा मिळून एक विलक्षण वास शेडमध्ये भरला, आणि बंद केल्यावर ते बॅटरी घेऊन खाली न शिरता वर बॉनेटवर वाकले.

मीही वाकलो. माथ्यावरच्या झाकणाची मागची कड, जी चालकाच्या पायांकडच्या पत्र्याच्या आडोशाला असल्याने सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नाही, तिच्यापासून पांढऱ्या पावडरीत एक बारीक काळी रेघ निघाली होती. ती ब्लॉकच्या पाठीवरून खाली उतरली, एका बोल्टापाशी किंचित थबकून वळली, फ्लायव्हीलच्या घुमटावरून कडेकडेने सरकत तळाशी गेली आणि बरोबर त्या जागी, जिथे चार वर्षे थेंब लोंबत असलेला मी पाहिला होता, तिथे येऊन मिळाली. मागच्या सीलकडून तेल बाहेर येण्याची वाट पांढरीशुभ्र होती. जी जागा सर्वांनी दोषी ठरवली ती केवळ उताराची शेवटची पायरी होती. “तेल खाली पडतं,” मिस्त्री म्हणाले, “पण ते सुटतं वरून. आणि गाडी चालली की वारा त्याला मागं नेतो. म्हणून जिथं सापडेल तिथून वर आणि पुढं बघत जायचं.” त्याच दिवशी त्यांनी आणखी एक पाठ दिला, ज्याचे महत्त्व मला तेव्हा वाटले नाही. खाली पडलेल्या प्रत्येक थेंबाला बोट लावायचे, दोन बोटांत चोळायचे आणि नाकाशी न्यायचे. इंजिनाचे तेल काळे, पातळ, जळकट वासाचे. गिअरबॉक्सचे ९० नंबरचे तेल घट्ट, चिकट आणि गंधकासारखा उग्र दर्प असलेले. जीपच्या पोटात दोन्ही शेजारीशेजारी नांदतात आणि एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो.

माथ्यावरचे पॅकिंग बदलण्यास अर्धा तास लागला. मी पैसे काढू लागलो तर ते म्हणाले, थांबा. आणि तेल ओतण्याच्या नळीचे टोपण काढून तिच्या तोंडावर त्यांनी एक वर्तमानपत्राचा तुकडा हलकेच ठेवला. इंजिन चालू होते. कागद धडधडू लागला, फुगला, आणि उडून बॅटरीवर जाऊन पडला. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली निसटतोच. तो पोटात साठू नये म्हणून कुशीच्या झाकणातून एक नळी निघते आणि एका लहानशा वॉल्व्हमधून तो पुन्हा सिलिंडरांकडे ओढला जातो. तो वॉल्व्ह माझ्या जीपमध्ये काजळी बसून दगड झाला होता. किती वर्षे, देव जाणे. कोंडलेला वायू बाहेर पडण्यासाठी वाट शोधत होता आणि जिथे वाट मिळेल तिथून जाताना तेल बरोबर नेत होता. “दूध उतू जायला लागलं,” मिस्त्री म्हणाले, “तर तुमच्याकडं झाकण घट्ट बसवतात का जाळ कमी करतात?” मला माझी मनगटे आठवली. तो वॉल्व्ह पेट्रोलमध्ये तासभर भिजवून, तारेने साफ करून, कानाशी धरून हलवला तेव्हा आतली गोटी खुळखुळली. कागदाची परीक्षा पुन्हा केली. या वेळी कागद तोंडाला किंचित ओढला जाऊन चिकटून बसला. कुशीचे झाकण, पेट्रोल-पंपाचा जोड, या जागांवरचे ओलसरपण, त्यांना पानाही न लावता, महिन्याभरात आपोआप कमी झाले.

या विजयाने मी बिघडलो. हे कबूल करणे मला आवडत नाही, पण या मजकुरात सोयीचे तेवढे लिहून उरलेले गाळायचे असेल तर लिहिण्यात अर्थ नाही. तपासाची विद्या आपल्याला अवगत झाली असा माझा समज झाला, आणि मागचे सील एकदा निर्दोष ठरले ते माझ्या दप्तरी कायमचे निर्दोष ठरले. ८५ साली मागच्या बाजूला पुन्हा थेंब दिसू लागला तेव्हा मी वरची कड पाहिली, ती कोरडी होती; मग मी ‘जुनेच काहीतरी निथळत असेल’ असे मनाशी म्हणालो. पूर्वी चौकशीवाचून दोष दिला होता, आता चौकशीवाचून दोषमुक्ती दिली. दोन्हींत गैरहजर होती ती चौकशीच.

८६ सालच्या मे महिन्यात चिपळूणहून परत येत होतो. मागे आंब्याच्या चार पेट्या, पत्नी, दोन मुले आणि मेहुणे. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो आणि दुसऱ्याच वळणावर इंजिनाचा आवाज वाढला पण जीप वाढेना. प्रथम वाटले गिअर सुटला. मग जळक्या वासाने कळले की क्लच घसरतो आहे. मागच्या सीलमधून सुटलेले तेल फ्लायव्हीलच्या घुमटात जाऊन क्लचच्या प्लेटवर उडत होते. घुमटाच्या तळाला तेल निथळून जाण्यासाठी जे बारीक भोक ठेवलेले असते तेही माझ्या दुर्लक्षाने चिखलाने बुजले होते, त्यामुळे बाहेर थेंब थोडे आणि आत तळे, अशी स्थिती झाली होती. उन्हे उतरू लागली होती. एका मालट्रकच्या चालकाने गाडी थांबवली, वाकून पाहिले, तारेने ते भोक मोकळे केले, तेव्हा अर्धी वाटी तेल भळकन रस्त्यावर आले. त्याने सांगितलेला उपाय साधा होता. क्लच निवू द्या, माणसे उतरवा, पुढच्या चाकांना जोर जोडा आणि ‘लो’ टाका. लो टाकले की चाकांना मिळणारा जोर सुमारे अडीचपट होतो, म्हणजे तेवढाच चढ चढण्यासाठी क्लचवर येणारा ताण तितका कमी होतो. घसरणारी प्लेट सबंध ओझे पेलत नव्हती, पण त्याचा एक हिस्सा पेलू शकत होती. अर्धा तास थांबून मी निघालो. मंडळी जीपच्या मागून पायी, माणसाच्या चालीने जीप पुढे, मेहुण्यांच्या हातात दगड, कारण थांबलो तर चाकाला लावायला. हेळवाकला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हते.

आता सील खरोखरच बदलावे लागले. या जुन्या इंजिनात ते रबराच्या ओठाचे नव्हते, दोरीचे होते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या विणीत ग्राफाइट भरलेली करंगळीहून बारीक दोरी, अर्धी वरच्या खाचेत आणि अर्धी खालच्या बेअरिंगच्या टोपीत. गिअरबॉक्स क्लचसाठी उतरवलेला होताच. वरची अर्धी दोरी क्रँक न काढता बदलण्याचे जे कौशल्य मिस्त्रींनी दाखवले ते मी उकिडवा बसून पाहिले: जुनी दोरी तारेच्या आकड्याने उपसून काढली, नव्या दोरीच्या टोकाला बारीक तार गुंफून ती क्रँकवरून पलीकडे घातली, आणि एका हाताने तार ओढत, दुसऱ्या हाताने दोरी आत सारत, तिसऱ्या हाताने, म्हणजे माझ्या, क्रँक हळूहळू फिरवत ती खाचेत बसवली. दोरी रात्रभर तेलात भिजत ठेवली होती. खालचा अर्धा भाग गुळगुळीत गजाने खाचेत रगडून बसवला आणि टोके ब्लेडने छाटताना केसभर वर ठेवली, जेणेकरून टोपी आवळताना दोन्ही टोके एकमेकांत रुतावीत. नवी दोरी इतकी घट्ट होती की पहिल्या दिवशी इंजिन हँडल मारून फिरेना.

काम झाल्यावर सकाळी अंगणात कापून सपाट केलेल्या डालडाच्या डब्याच्या पत्र्यावर मी थेंब मोजले. सात. दुसऱ्या दिवशी सात. महिन्याने सात. मिस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांनी माझे नख धरून, टोपी उतरवली होती तेव्हा मला दाखवलेली गोष्ट आठवून दिली: क्रँकच्या ज्या जागी दोरी घासते तिथे नखाला लागेल एवढा चर पडला होता. क्रँक उतरवून ती जागा यंत्रावर घासून घ्यायची तर सबंध इंजिन खोलावे लागेल. “सात थेंबांसाठी?” ते म्हणाले. मी घरी आलो आणि पत्र्याची कड दुमडून त्याचे कायमचे ताट केले.

मधल्या काळातल्या किरकोळ प्रकरणांत एकच उल्लेखण्याजोगे आहे. चांगल्या हेतूने मी स्वस्त ३० नंबरच्या साध्या तेलाऐवजी मळ धुणारे महाग तेल वापरू लागलो, आणि त्याने आपले काम इतक्या निष्ठेने केले की पुढच्या सीलभोवती साचून बसलेला वर्षानुवर्षांचा गाळ धुऊन निघाला, आणि सील म्हणून जे होते ते मुख्यतः तो गाळच होता असे निष्पन्न झाले. पुण्याला नाना पेठेत जाऊन नवे सील आणले. दुकानदाराने जुने हातात घेऊन, मोजपट्टी न लावता, खोक्यातून अचूक काढून दिले. त्या पेठेतल्या माणसांच्या बोटांत मापे असतात.

आता जे पुढे ढकलत आलो ते. ८२ सालच्या जूनमध्ये, म्हणजे मिस्त्रींकडे पहिल्यांदा जाण्याच्या आठवडाभर आधी, पहिला पाऊस पडला. माझ्या जीपची बॅटरी तेव्हा अशक्त होती, म्हणून रात्री मी ती अंगणात न लावता मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावर लावत असे. सकाळी ढकलले की चालू होई. रस्त्याचे ते वळण महिनोन्‌महिने तेल पीत होते. त्या सकाळी, पाऊस थांबून तासही झाला नव्हता, शाळेतले एक शिक्षक स्कूटरवरून त्या वळणावर आले आणि आडवे पडले. कोपर सोलवटले, पिशवीतली वांगी उतारावरून घरंगळत गेली. जमलेले लोक म्हणाले, पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतोच. मी स्कूटर उचलायला हात लावला, वांगीही गोळा केली. खाली पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग पसरले होते आणि ते माझ्या जीपच्या पोटाखालून सुरू होत होते. गुरुजींनी माझे आभार मानले. मी काहीही बोललो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्या गावात पुढे अकरा वर्षे आम्ही एकमेकांना नमस्कार करत होतो. रात्री घमेले भरून राख नेली, वळणावर टाकली, खराट्याने घासली, आणि दुसऱ्या रविवारी कऱ्हाडला गेलो.

१९९९ मध्ये, निवृत्तीला काही वर्षे लोटल्यावर आणि डोळे अधू झाल्यावर, मी जीप विकायला काढली. पाटणच्या बाजूचा एक तरुण शेतकरी आला. डोंगरावरच्या वाडीपर्यंत खत न्यायला त्याला हवी होती. नोकरीत कार्यभार सोपवताना यादी करण्याची सवय, तशी मी तिचीही केली होती: माथ्याचे झाकण कोरडे, कुशीचे झाकण दमट, थेंब नाही, पुढचे सील ९१ साली बदलले, वायूचा वॉल्व्ह दर सहा महिन्यांनी धुणे, घुमटाचे भोक दर महिन्याला तारेने साफ करणे, मागचे सील, रात्रीतून सात थेंब. त्याने कागद उभ्या उभ्या वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि काही न बोलता जीपमागे जाऊन उकिडवा बसला. पत्रा रात्रभर तिथेच होता. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने कडेच्या एका थेंबाला बोट लावले, चोळले, नाकाशी नेले.

“आठ आहेत, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “पण हा आठवा गिअरचा.”

मी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकलो आणि बोट लावून वास घेतला. त्याचे बरोबर होते.